‘प्रलय’ जपून वापरा!

पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की कुठे ना कुठे ‘जलप्रलय’ असा मथळा दिसतोच. ओढ्याला पूर आला तरी जलप्रलय! पण या शब्दाच्या मुळाशी मोडतोड किंवा तडाखा नाही.

संस्कृतात ‘ली’ हा धातू आहे. चिकटणे, मिसळणे, विरघळून जाणे हा त्याचा अर्थ. लीन, विलीन, तल्लीन हे त्याचेच शब्द. गाण्यातली लयसुद्धा त्याच घरची. ‘प्र’ हा उपसर्ग लागून प्रलय झाला, म्हणजे पुरते विरून जाणे. पुराणांतली सृष्टी जिथून निघाली तिथेच परत सामावते, तो प्रलय. नाट्यशास्त्रात तर माणसाची शुद्ध हरपणे यालाही प्रलयच म्हटले आहे!

आता भिगवणला चला. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि अडवलेले भीमेचे पाणी इथवर पसरले. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आपण ज्या पाण्यावर जातो, त्याच्या तळाशी शेते, वाटा आणि घरांचे चौथरे आहेत. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. काही न फोडता, गाजावाजा न करता गावे पाण्यात विरली. धातूचा अर्थ धरला तर प्रलय तो हाच. सरकारी कागदांवर मात्र त्याचे नाव ‘बुडीत क्षेत्र’.

पानशेतचे उलटे. काम अपुरे असताना या मातीच्या धरणात पाणी साठले, आणि १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले. पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. उजनीत याहून कितीतरी पट पाणी मावते, पण ते संथ असते. एक घनमीटर पाण्याचे वजन १ टन; त्याचा वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. पुण्यातल्या भिंती पाडल्या त्या वेगाने.

याला आपल्याकडे चोख शब्द आहे: धरणफुटी. माझी तक्रार एवढीच, की प्रलय म्हटले की सारे देवावर ढकलता येते. धरणफुटी म्हटले की लगेच कोणीतरी विचारतो, का फुटले?

भिगवणकडच्या मुलांनी घरातल्या आजी-आजोबांना विचारावे, पाणी चढत आले त्या दिवसांना ते काय म्हणतात. शिक्षकांनी ते शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत.