लिंबू-मिरचीचं वजन

मंगलाष्टकं चालू होती, पण भटजींचा एक शब्द कानावर येईल तर शपथ. डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. टेंभुर्णीत आता लग्न ठरलं की आधी लॉन, आचारी आणि ड्रोनवाला यांच्या तारखा बघतात. मुहूर्त मागाहून निघतो. डॉल्बीवर याच सदरात पुरेसा त्रागा करून झालाय, तो पुन्हा करत नाही. डॉल्बी निदान जमिनीवर तरी असतो. हा पठ्ठ्या इतका खाली आला की नवरीवर टाकलेल्या पाकळ्या फेटेवाल्या पाहुण्यांवर जाऊन पडल्या.

पंगत उठेपर्यंत मी कुणाशी भांडत नाही. बासुंदी झाल्यावर उडवणाऱ्या पोराला गाठलं. ड्रोन बंद होता, म्हणून पात्यावरून बोट फिरवलं. कड करवतीसारखी लागली. म्हटलं, "बाबा, हे पातं बदल."

"उडतंय की, आण्णा!"

उडतंय की! सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत आपल्याकडे यंत्राच्या तब्येतीची हीच एक तपासणी. चिरलेल्या पात्याने ड्रोन थरथरतो, चित्र हलतं, मोटरीचं बेअरिंग झिजतं आणि एक दिवस ते पातं हवेतच तुटतं. खाली वऱ्हाड असतं. राखीव बॅटऱ्या कुठं, तर मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर. त्यातली एक पुरीसारखी टम्म फुगलेली. फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नसते, ती कधीही पेट घेऊ शकते. "दाबून बसवली की बसतीय," असं उत्तर मिळालं.

देखभाल अजिबात होत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. दसऱ्याला रीतसर पूजा झाली होती. हार, नारळ, हळदकुंकू. मोटरींच्या फटीत कुंकू अजून दिसत होतं. ते मऊ ब्रशने झाडून काढायचं असतं, हे त्या लेकराला कुणी सांगितलंच नव्हतं. वर दृष्ट लागू नये म्हणून पोटाखाली लिंबू-मिरची!

आता या लिंबाबद्दल बोललंच पाहिजे. "249 ग्रॅमचाय, लायसन लागत नाही," हे पोरगं छाती काढून सांगत होतं. खरंच आहे. 2021च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्याला परवाना नको. त्यापुढे 2 किलोपर्यंत 'मायक्रो'. तो हौसेने उडवला तर परवाना नको, धंद्यासाठी उडवला तर हवा. पण वजन मोजायचं ते अंगावरच्या सगळ्या ओझ्यासकट. म्हणजे लिंबू बांधलं त्या क्षणी हा बहाद्दर नॅनोतून मायक्रोत गेला आणि सुपारी घेतलेली असल्याने बिनपरवाना ठरला! दृष्ट टळली, कायदा लागला. शिवाय पोटाखाली जमीन ओळखणारे सेन्सर असतात. त्यांच्यासमोर लिंबू डुलत असेल तर ड्रोनने जमीन कुठं समजावी? किराणा दुकानाच्या काट्यावर ड्रोन लिंबासकट ठेवून बघ, असं मी त्याला सुचवलं. तो हसला. बहुतेक बघणार नाही.

नियमांचं बाकीचं थोडक्यात: सरकारी नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. हिरव्यात 120 मीटरपर्यंत परवानगी नको. पिवळ्यात आणि लाल पट्ट्यात हवी. उपग्रहांचे सिग्नल पुरेसे मिळाल्याशिवाय उडवू नये, नाहीतर 'घरी ये' म्हटल्यावर त्याला घर कुठलं ते कळत नाही. परतीची उंची आसपासची टाकी, टॉवर, कारखान्याचं धुराडं यांच्यापेक्षा जास्त लावावी. विजेच्या तारांपासून मात्र मुळातच लांब राहावं, त्या पडद्यावर दिसतही नाहीत.

आणि रात्री हौस नको. 2024च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडून रात्रीच्या ड्रोनच्या बातम्या येत होत्या, तेव्हा गावोगाव पोरं काठ्या घेऊन जागत होती. चोर रेकी करतात म्हणे. विमानाचा दिवा दिसला तरी फोन फिरायचे. अजूनही उन्हाळ्यात आपल्याकडे अर्धं गाव गच्चीवर झोपतं. तिथं डोक्यावर लाल-हिरवा दिवा आला, तर आजीबाई आधी देव आठवतील आणि मग दगड. दगड बरोबर बसला, तर माझी सहानुभूती आजीबाईंना.

शेवटी एक विनंती, हौशी मंडळींना. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्या मागोमाग ड्रोनही. घरघर ऐकली की अख्खा थवा चरणं सोडून उठतो, पुन्हा पुन्हा उठतो. तिकडे जाताना दुर्बीण न्या. ड्रोन घरी सावलीत ठेवा, बॅटरी अर्धी चार्ज करून.