कावीळ ईदनंतर दिसते

असरची नमाज झाली की जिंतूरच्या बाजाराचा रंग पालटतो. कलिंगड, पपईच्या फोडी परातीत रचल्या जातात, सरबताच्या पातेल्यात बर्फ पडतो. घेणाऱ्यांत रोजेदार असतात तसे रोजा नसलेलेही असतात. रमजानचा बाजार साऱ्या गावाचा, आणि आज ज्या आजाराबद्दल लिहायचे तोही साऱ्या गावाचा: कावीळ, त्यातही ‘हिपॅटायटिस ए’.

हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात किंवा हातावर येतो आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात जातो. बर्फाने तो मरत नाही. आजार दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, म्हणजे रोज्यातल्या सरबताची कावीळ ईदनंतर दिसते. तोवर सरबत कुणाला आठवणार? शिवाय डोळे पिवळे होण्याआधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवतो. फोडी कापणारा बिचारा स्वतःला धडधाकटच समजत असतो. वजूत आपण दिवसातून पाच वेळा हात धुतो खरे, पण तिथे साबण नसतो. शौचानंतर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी साबण हवाच.

आमच्या पिढीने आडाचे, नदीचे पाणी पिऊन लहानपणीच हा विषाणू पचवला. लहान मुलांत तो बहुधा कावीळ न करताच निघून जातो आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जातो. आताची मुले फिल्टरच्या, जारच्या पाण्यावर वाढतात, ही चांगलीच गोष्ट. पण ती या विषाणूला न भेटता विशीत पोचतात आणि मग शिकायला, नोकरीला परगावी मेसमध्ये जेवतात. मोठ्या वयात हा आजार महिना-महिना अंथरुणाला खिळवतो, क्वचित यकृतच निकामी करतो. २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम, एर्नाकुलम जिल्ह्यांत साथ आली, त्यात माणसे दगावली.

यावर लस आहे, भारतातही बनते. एका प्रकारात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, दुसऱ्या प्रकारात एकच. हा दुसरा प्रकार जिवंत विषाणूचा असल्याने गरोदर स्त्रियांना देत नाहीत. सरकारी लसीकरणात बाळांना मिळते ती ‘बी’ची लस, ‘ए’ची खिशातून घ्यावी लागते. उमऱ्याला निघालेले लोक मेंदूज्वराची सक्तीची लस टोचून घेतात आणि यादी संपली असे समजतात. ‘ए’ची लस त्या यादीत नाही, तरी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारावे. परभणीच्या उरुसाला, पंढरीच्या वारीला जाणाऱ्या तरुणांनीही विचारावे. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतील. प्रतिकारशक्ती असेल तर खर्च वाचला.

ज्यांचे यकृत आधीच दुखावलेले आहे, ‘बी’ किंवा ‘सी’ची कावीळ अंगात आहे, त्यांनी मात्र टाळाटाळ करू नये. आणि गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांनी ही लस स्वतःच्या पगारातून का घ्यावी? ती नगरपरिषदेने द्यावी. हातमोजे, गमबूट देण्याइतकीच ती जबाबदारी आहे. इफ्तारचे मोठे दस्तरखान घालणाऱ्या मंडळींनीही स्वयंपाक्यांसाठी एवढे करावे, एखाद्या दिवसाचे पक्वान्न कमी झाले तरी चालेल.

लस घेतली म्हणून पाणी कसेही प्यावे असे नाही. पाण्यातूनच पसरणाऱ्या ‘ई’ प्रकारावर ती चालत नाही आणि तो गरोदर स्त्रियांच्या जिवावर उठतो. इचलकरंजीने २०१२ मध्ये त्याची साथ पाहिली आहे. उकळलेले पाणी आणि त्याच पाण्याचा बर्फ, याला पर्याय नाही.

काविळीची माळ घालायला आपल्याकडे हिंदू-मुसलमान एकाच दारी जातात. ‘ए’ची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. ज्याची उतरत नाही त्याचे मोलाचे दिवस मात्र त्या दारात जातात.

राहिला रोज्याचा प्रश्न. दंडात घेतलेल्या लसीने रोजा मोडत नाही, असे अनेक उलेमा सांगतात. तरीही मन मानत नसेल तर इफ्तारनंतर घ्यावी, खासगी दवाखाने त्या वेळी उघडेच असतात.