‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे आपण कुठपर्यंत शिकवणार?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आपण मुलांना एक वाक्य हमखास ऐकवतो. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं." मीही वर्षानुवर्षं ऐकवलं. आठवीतल्या एका मुलीचा चांगला प्रयोग मी याच वाक्याने बिघडवला, ते आधी सांगते.

तिने आंबोळीचं पीठ चार ग्लासांत घालून ठेवलं होतं. दोन ग्लास चुलीजवळ उबेत, दोन पडवीत गारव्याला. प्रत्येक जागी एक सहा तास आणि एक बारा तास. मी म्हटलं, "दोन गोष्टी एकदम बदलल्यास, आता फरक कशामुळे पडला ते कसं कळणार?" आणि उबेतले दोन ग्लास काढायला लावले. उरलेल्या दोनांवरून तिने तक्त्यावर लिहिलं, ‘पीठ जास्त वेळ ठेवलं की जास्त चांगलं फुगतं.’ प्रदर्शन बघायला आलेली तिची आजी ते वाचून हसली. म्हणाली, "वैशाखात ठेव गो बारा तास, मगे समजतला."

आजीचं खरं होतं. पावसाळ्यात गारव्याला सहा तासांत पीठ जेमतेम हलतं, बारा तास लागतात. उबेत सहा तासांत छान येतं आणि बारा तासांत आंबट ढाण होऊन खाली बसतं. म्हणजे ‘किती तास?’ या प्रश्नाचं उत्तर ‘किती ऊब?’ यावर अवलंबून आहे. हे दिसायला चारही ग्लास लागतात. पोरीने चार मांडले होते, बाईंनी दोन काढले!

आता तुम्ही म्हणाल, आंबोळीचं काय एवढं? दहावीच्या विज्ञानात जैवतंत्रज्ञानाचा धडा आहे तो आठवा. माणसाचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालायचं आणि त्याच्याकडून हवं ते प्रथिन करून घ्यायचं. १९७८ मध्ये अमेरिकेत असं मानवी इन्सुलिन पहिल्यांदा तयार झालं, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर मधुमेही अवलंबून होते. आपण धडा इथवर शिकवतो आणि थांबतो. जणू जनुक घातलं की झालं काम.

खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. जिवाणू ३७ अंश सेल्सिअसला झपाट्याने वाढतात. ‘आता प्रथिन करा’ असा इशारा देण्यासाठी बऱ्याचदा आयपीटीजी नावाचं रसायन घालतात. पण अशा उबेत भरपूर इशारा दिला, तर जिवाणू इतक्या घाईने प्रथिन करतो की अनेकदा त्याच्या साखळ्यांना नीट घडी पडत नाही. पेशीतच त्यांचे निरुपयोगी गोळे होतात. तापमान उतरवलं की काम हळू होतं, पण घडी बरी पडण्याची शक्यता वाढते. म्हणून इशारा किती द्यायचा हे तापमान पाहून ठरवावं लागतं. शिवाय इशारा कधी द्यायचा, पुढे किती तास थांबायचं, खाद्य कुठलं, हवा किती, आम्लता किती. झाल्या सात गोष्टी. प्रत्येकीच्या दोनच पातळ्या घेतल्या, तरी सगळ्या जोडण्या १२८ होतात!

इथे संख्याशास्त्र मदतीला येतं. १९४६ मध्ये प्लॅकेट आणि बर्मन यांनी अशी मांडणी दाखवली की सात गोष्टींची पहिली चाचपणी आठच प्रयोगांत होते. पुढच्याच वर्षी आपल्या सी. आर. राव यांनी ऑर्थोगोनल अॅरे ही कल्पना मांडली. राव हे बेल्लारीकडच्या हडगलीत जन्मलेले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले. अर्थात आठ प्रयोगांना किंमत मोजावी लागते. दोन गोष्टींचा एकमेकींवरचा परिणाम त्यात इतर परिणामांशी मिसळून जातो, म्हणून ही फक्त चाळणी. वर राहिलेल्या दोन-तीन गोष्टी घेऊन मग चार ग्लासांसारखी पूर्ण मांडणी करायची.

आणि हे शास्त्र प्रयोगशाळेत नाही, शेतात वाढलं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी ते घडवलं, १९३५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची काजू कलमं कित्येकांच्या परसात आहेत. कुठलं वाण चांगलं हे ठरवताना एकाच झाडावर विसंबून चालत नाही. झाडं पुन्हापुन्हा लावावी लागतात, त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरवाव्या लागतात. नाहीतर चांगल्या मातीचं श्रेय वाणाला मिळतं.

पाचवी-सहावीपर्यंत ‘एका वेळी एकच’ ठीक आहे, तिथे मला तक्रार नाही. आठवीपासून मात्र तो नियम सैल करायला हवा. परीक्षक म्हणून बसणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे. दोन गोष्टी बदलल्या म्हणून गुण कापण्याआधी मुलाने चारही जोडण्या केल्यात का ते बघा.

गणिताला घाबरू नका, वजाबाकी पुरते. उबेत सहाचे बारा तास केल्याने पीठ किती सेंटीमीटर वर आलं किंवा खाली बसलं? गारव्यात किती? दोन उत्तरं वेगळी आली, की तासांचा परिणाम उबेवर अवलंबून आहे. पण प्रत्येक जोडणीचे निदान दोन ग्लास हवेत, कारण एखादा ग्लास असाच बिघडतो. कुठल्या ग्लासात कुठली जोडणी हे मुलांना चिठ्ठी काढून ठरवू दे. आठ ग्लास, एक पट्टी आणि वाटीभर उडीद एवढ्यात हे होतं. तांदूळ तर घरचेच असतात.

ती मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात बाजारात भेटली तेव्हा मी तिला सांगितलं, की तुझे दोन ग्लास मी उगाच काढले. ती म्हणाली, "बाई, मी घरी ते ठेवलेलेच होते."