चित्राची नक्कल : चोरी की कित्ता?



आपल्या शाळांत 'कॉपी' हा शब्द इतका बदनाम झालाय की चित्रकलेच्या तासालाही आपण तो शिवीसारखा वापरतो. मीही वापरला. आठवीतल्या एका मुलीने पुस्तकातलं चित्र हुबेहूब काढून आणलं होतं. मी म्हटलं, "यात तुझं काय आहे? मनाचं काढ." तिने वही मिटली. वर्षभर पुन्हा काही दाखवलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्वतः तैलरंग शिकायला बसले तेव्हा माझी चूक कळली. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी डच चित्रकार वर्मीरच्या 'मोत्याचा डूल घातलेली मुलगी' या चित्राची प्रत पुढे ठेवली. मूळ चित्र साधारण १६६५ सालचं, हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं. आकार जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंमी.

चौकटी आखून रेखाटन केलं. मग तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसता उजेड-अंधार मांडला. त्यावर पुढचे थर, आणि प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढवत जायचं. उलट केलं तर वरचा रंग पुढे तडकतो. थर सुकेपर्यंत दिवसेंदिवस थांबायचं, हे तर माझ्यासारखीला शिक्षाच!

खरा धडा नाकापाशी मिळाला. मी नाकाची कड रेघेने काढली होती. सर म्हणाले, "मूळ चित्रात रेघ आहे का, बघा." नव्हती! नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल एकाच उजळ रंगात मिसळलेले. रेघ माझ्या डोक्यातली होती. मोत्याचंही तेच. मी गोल काढून रंगवत बसले. तिथे वर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा आणि खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस. कानात अडकवायची कडीसुद्धा नाही. कॅलेंडरवर, पिशव्यांवर कितीदा पाहिलेलं चित्र, दिसलं मात्र त्या दिवशी.

"नकलेने कल्पनाशक्ती मरते" असं आपण म्हणतो. पण अक्षर सुधारायला कित्ता आपणच देतो ना? गाण्याच्या क्लासला मुलं गुरूच्या मागून तीच बंदिश म्हणतात, तेव्हा कुणी चोरी म्हणत नाही. मग चित्रानेच काय घोडं मारलंय? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवानगी घेऊन चित्रकार मूळ चित्रासमोर नक्कल करतात. अट एवढीच, की नक्कल मूळ आकाराची नको, निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी. म्हणजे ती मूळ म्हणून खपवता येत नाही.

ट्रेसिंग मात्र मला मान्य नाही. त्यात हात फिरतो, डोळा झोपलेला राहतो. आणि नकलेलाही मर्यादा आहेच. या चित्रामागचा अंधार मी मन लावून काळा केला. पण २०२० मध्ये संग्रहालयाने जाहीर केलेल्या तपासणीनुसार तिथे मुळात हिरवा पडदा होता, काळाने रंग बदलला. नुसती नक्कल करणारा काळाचे डागही गिरवतो. म्हणून नंतर जिवंत माणूस समोर बसवायलाच हवा. मी सासूबाईंना खिडकीशी बसवलं. त्यांच्याही नाकाला रेघ नव्हती!

ती मुलगी आता दहावीत आहे. परवा तिला विचारलं, "ती वही आहे का गं अजून?" म्हणाली, "बाई, शोधते."