आजोळच्या पाण्यावर

दिवाळीचे चार दिवस सरले, फराळाचे डबे तळाला लागले आणि पहाटे पायांशी पडलेली रजई गळ्यापर्यंत ओढावीशी वाटू लागली, की आमच्या घरात एक जुना वाद नव्याने सुरू होतो. मी साडेपाचाला उठून शहराच्या कडेच्या तळ्याकडे फिरायला निघतो आणि सौभाग्यवती अंथरुणातूनच विचारते, "अहो, तुमची ती बदकं नऊ वाजता दिसत नाहीत का?" दिसतात की! पण तोवर ऊन चढते, पाणी चकाकू लागते, आणि काठावरच्या माणसांच्या नि कुत्र्यांच्या गलबल्याने बदके पार मध्यावर जाऊन बसतात. मग दुर्बिणीतून दिसतात ते नुसते काळे ठिपके.

ह्या सदराचे नेहमीचे वाचक जाणतातच, की मी कुणी पक्षितज्ज्ञ नव्हे. एका कचेरीत पस्तीस वर्षे आकडे मोजले, आता बदके मोजतो, एवढाच फरक. दुर्बीण चिरंजीवांनी पहिल्या पगारातून घेऊन दिलेली. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले. त्याची एक अलीकडची आवृत्ती पिशवीत असते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' घरी टेबलावर असतो. गेल्या काही वर्षांत मला उमगले ते एवढेच, की पक्षी पाहायला फार ज्ञान लागत नाही. सूर्य पाठीशी घ्यावा, भडक कपडे घालू नयेत, आणि तोंड बंद ठेवावे. तिसरी अट आमच्या मित्रमंडळींपैकी फार थोड्यांना जमते.

पाहुण्यांतला पहिला येतो तो धोबी. नवरात्राच्या सुमारास एके सकाळी तो गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानावर तुरुतुरु धावताना दिसतो. काळापांढरा, चिमणीहून शिडशिडीत, आणि शेपूट अखंड वरखाली. कपडे आपटल्यासारखी ती शेपूट पाहून ज्याने त्याला धोबी म्हटले, त्याला माझा नमस्कार. एवढासा जीव हिमालयापलीकडून आलेला असतो, आणि आपण मात्र चहाचा कप हातात घेऊन "आज गार आहे, नाही?" असे त्याच्यासमोर म्हणत असतो.

मग तळ्यावर बदके उतरतात. इथे नवख्याची एक फसगत होते. पुस्तकातल्या चित्रात नर बदके लग्नाला निघाल्यासारखी नटलेली असतात, आणि समोर पाहावे तो सगळी मातकट, एकासारखी एक! ह्यात पुस्तकाचा दोष नाही आणि डोळ्यांचाही नाही. विणीचा हंगाम सरला की नर आपला थाटाचा पिसारा टाकून देतात आणि मादीसारखे साधे होतात. दिवाळीच्या सुमारास ते अजून घरच्या कपड्यांतच असतात. तलवार बदकाची लांब शेपटी आणि थापट्याचा हिरवा माथा थंडी मुरेल तसा खुलत जातो. भुवई बदकाची पांढरी भुवई तर माघ-फाल्गुनापर्यंत थांबायला लावते. तोवर चोचीवर नजर ठेवावी. थापट्याची चोच उलथण्यासारखी पसरट असते, ती लपत नाही. आणि आपले इथलेच, कुठेही न जाणारे हळदीकुंकू बदक तर बारा महिने ओळखू येते. काळी चोच, टोकाला हळद आणि कपाळाशी कुंकवाची दोन बोटे. आमच्या सौभाग्यवतीला सबंध तळ्यावर हे एकच बदक मनापासून आवडते.

पण आज सांगायची गोष्ट ह्या तळ्याची नाही. ती आहे उजनीच्या पाण्याची आणि आमच्या मामांची.

माझे आजोळ भीमेच्या काठी होते. 'होते' असेच म्हणायला हवे, कारण आता तिथे पाणी आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. त्याआधीच्या तीनचार वर्षांत गाव उठले. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भाचरे जिथे नदीच्या वाळूत टरबुजांच्या वेलांभोवती हुंदडत होतो, ती वाळू, तो घाट, ती विहीर, सगळे गेले. मामांनी वाड्याच्या तुळया आणि दाराच्या चौकटी उतरवून बैलगाडीत घातल्या आणि नव्या गावठाणात त्याच चौकटींवर दोन खोल्या उभ्या केल्या. ते दार मी पाहिले आहे. भिंत बुटकी आणि दार थोराड.

पुढे त्याच पाण्याला यशवंतसागर म्हणू लागले. सुमारे ११७ टीएमसीचे ते धरण. भिगवणच्या अंगाला त्याचे पाणी उथळ पसरते, आणि उथळ पाणी म्हणजे पाणपक्ष्यांचे ताटच वाढलेले. हजारोंनी पक्षी येऊ लागले. पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर असल्याने पाठोपाठ माणसेही येऊ लागली. मीही किती वेळा जाऊन आलो! मामा मात्र एकदाही आले नाहीत. पंढरपूरला जाता-येता सोलापूर रस्त्यावर ते पाणी दिसू लागले, की डोळे मिटून हरिपाठ म्हणत. पुढे गाडी लांब गेली, की डोळे उघडत. आम्ही कुणी कधी त्यावर बोललो नाही.

गेल्या वर्षी कार्तिकीला त्यांना गाडीने पंढरपूरला नेले होते. द्वादशीला पारणे करून दुपारी परत निघालो. चिरंजीव गाडी चालवत होते. इंदापूर मागे पडले, आता मामा डोळे मिटणार, म्हणून मीच बाहेर पाहू लागलो, तर मागून आवाज आला, "बाळ, ते तू पाखरं बघायला येतोस, ते कुठं रे?"

मी काही विचारले नाही. भिगवणच्या अलीकडे गाडी आत वळवली. दोन्ही बाजूंना ऊस, मधून मातीचा रस्ता, आणि पुढे काठावर पाण्याच्या मोटारींचे पाइप अजगरासारखे पडलेले. चार वाजून गेले होते. नावाड्यांपैकी एक तरुण पुढे आला. हीच मुले दुर्बीण गळ्यात अडकवून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. "बसा बाबा, आत घेऊन जातो, जवळनं दिसतील." मामांनी होडीकडे पाहिले आणि मान हलवली.

"आपल्याच वावरावरनं होडीत बसून जायचं? नगं. आपण काठानं चालू."

म्हणून काठाने चाललो. पुढे मामा, काठी टेकत, मागे आम्ही. पाऊस नुकता संपलेला, धरण भरलेले. फ्लेमिंगो, ज्यांना रोहित म्हणतात, ते ह्या दिवसांत इथे शोधू नयेत. त्यांना हवा असतो उघडा पडलेला चिखल. पाणी उतरू लागले की ते येतात. दिवाळीच्या सुटीत त्यांच्यासाठी धावत येणारी मंडळी हिरमुसून मासळी खाऊन परततात. पण काठाने फिरणाऱ्याला कार्तिकात उणे नसते. लांब तांबड्या पायांचे शेकाटे फुटपट्ट्यांवर चढल्यासारखे चालत होते. बाभळीवर पाणकावळे पंख उघडून वाळत घातलेले. राखी बगळा एका पाइपावर उभा होता, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा. तारेवर भिंगऱ्यांची रांग. टिबुकली बुडे ती दहा हातांवर निघे, आणि दर वेळी आमचा अंदाज चुकवी.

थोड्या आत काळ्या पाणपाखरांचा मोठा थवा पसरला होता. अंग काळे आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. तरुण म्हणाला, "बाबा, ह्यांना वारकरी म्हणतात." चांदवा हे त्यांचे दुसरे नाव. मामांच्या गळ्यात माळ, कपाळी कालचाच गंध. ते काही वेळ पाहत राहिले नि म्हणाले, "माळकरी हैत का? का मासे खात्यात?" मी प्रामाणिकपणे सांगितले, की मुख्यतः पाणवनस्पती खातात, पण गोगलगायी, किडे मिळाले तर सोडत नाहीत. "म्हंजे आमच्या गावातल्या निम्म्यांसारखेच," मामा म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी 'आमचं गाव' हे शब्द हसून उच्चारले असतील.

पुढे एका मातीच्या जिभेवर नारिंगी-तपकिरी रंगाची दोन मोठी बदके दिसली. चक्रवाक! मी दुर्बीण मामांच्या डोळ्यांना लावायला गेलो, तर त्यांनी ती बाजूला सारली.

"ह्ये काय नवीन न्हायती. चकवा-चकवी. धरण नव्हतं तवाबी यायची. थंडीत नदीच्या वाळूवर जोडी-जोडीनं बसलेली असायची."

मी पुस्तकी पंडित. लगेच सांगू लागलो, की ही लडाख-तिबेटात उंच सरोवरांपाशी कपारीत घरटे करतात, की संस्कृत कवींनी त्यांच्या विरहावर किती लिहिले आहे, रात्र पडली की जोडीची ताटातूट होते अशी समजूत आहे. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "कोण म्हणतंय? शाळूला रात्रीचं पाणी द्यायला मी मळ्यात असायचो. चांदण्यात दोन्ही एकाच वाळूवर बघितल्यात. आवाज देत्यात रात्री, ते खरं. पण ताटातूट बिटातूट काय न्हाय."

दोन हजार वर्षांच्या काव्यसंकेताची अशी वासलात मी प्रथमच पाहिली. रात्री चरताना ती पांगतात आणि साद घालतात, त्यावरून कवींनी कथा रचली असावी, असे मला वाटते. पण कवी रात्री नदीवर गेले होते की नाही कोण जाणे. मामा गेले होते.

त्या सादेनेच बहुधा त्यांना काही आठवले. ते थांबले. पलीकडच्या टेकडीकडे कपाळावर हात धरून पाहिले, मग दहा पावले मागे आले, पुन्हा पाहिले. काठी उचलून पाण्यावर रोखली. "ती बदकं बसल्यात ना, त्याच्या जरा उजव्या अंगाला. तिथं पांढरी. आपला वाडा त्यातच. आणि हितनं तिथपतुर सगळी काळी." काठी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. काठीच्या टोकाखाली तलवार बदकांचा थवा डोके पाण्यात आणि शेपट्या वर करून चरत होता. नावाडी तरुणही गप्प झाला. त्याच्या आजोबांचेही घर त्याच पाण्यात आहे, हे त्याने नंतर सांगितले.

"काय खात्यात ती तिथं?" मामांनी विचारले.

"पाणवनस्पतींची बी, कोंब."

"मग जमीन अजून पिकतीया म्हणायची," मामा म्हणाले, आणि काठी खाली टेकली.

तेवढ्यात आभाळात एक भोवत्या आला. हा शिकारी पक्षी पाण्यावरून संथ घिरट्या घालतो, आणि तो दिसताच सारे पाणी एकदम उठते. हजारो पंखांचा तो आवाज लांबून आलेल्या पावसासारखा असतो. थवा एक वळसा घेऊन पुन्हा खाली बसला. दूरवर एका होडीतून कुणीतरी हाका मारीत टाळ्या पिटत होते, थवा पुन्हा उडावा म्हणून. फोटो चांगला येतो ना! तरुणाने तोंडाशी हात नेऊन त्या नावाड्याला अस्सल शिवी घातली. मला ती आवडली. भोवत्याची गोष्ट वेगळी, त्याला पोट आहे. पण एवढ्या लांबून आलेल्या पाखराने अंगावर साठवलेली चरबी आपल्या हौसेपायी उडून उडून का जाळावी?

काठाशी पाणी हिरवे होते, दाट, आणि त्याला वास येत होता. मामांनी खाली वाकून पाहिले. मी नाक मुरडले असावे, कारण ते लगेच म्हणाले, "हे तुमच्याकडचंच हाय."

खोटे नव्हते. पुण्या-पिंपरीतले सांडपाणी, पुरते शुद्ध न होता, मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून इथे येते. आपण घासलेली भांडी, धुतलेले कपडे, कारखान्यांचे काय काय, सगळे ह्या बदकांच्या ताटात. आणि इथून वारीसाठी पाणी सोडतात, ते खाली चंद्रभागेला जाते. त्याच पाण्यात आम्ही आदल्या दिवशी बुडी मारून पुण्य घेतले होते. सौभाग्यवती म्हणाली, "म्हणजे आपलंच आपल्याला परत." मामा मोठ्याने हसले. मला हसू आले नाही. बदल्या, बढत्या आणि फ्लॅटचे हप्ते ह्यांच्या नादात पस्तीस वर्षे मी हे कधी मोजलेच नव्हते.

सूर्य टेकला तशी गायबगळ्यांची माळ डोक्यावरून बाभळींकडे गेली. परतताना मामांनी तरुणाला विचारले, "ती लांब मानेची गुलाबी पाखरं कवा येत्यात म्हणालास?"

"पाणी उतरलं की बाबा. माघात या. अन् लईच उतरलं तर उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळबी बाहेर येतं."

मामा काही बोलले नाहीत. गाडी हमरस्त्याला लागली, उजवीकडे पाणी काळपट होत गेले. मी आरशातून पाहिले. त्यांचे डोळे उघडे होते.

माघात जायचे ठरले होते, पण मामांचा गुडघा आडवा आला आणि ते राहून गेले. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दिवाळीचा आशीर्वाद दिला, चकल्या कुरकुरीत झाल्या का ते विचारले आणि मग म्हणाले, "बाळ, ह्या वर्षी धरणात पाणी किती हाय, ते जरा पेपरात बघून सांग."