तीन लाख क्युसेक म्हणजे कितवी पायरी?

पैठणच्या दारांचा निर्णय ज्यांच्या हातात आहे आणि धरणाखालच्या गावांची काळजी ज्यांच्यावर सोपवली आहे, त्या सगळ्यांना,

साहेब, तीन लाख क्युसेक म्हणजे राक्षसभुवनात घाटाची कितवी पायरी? पांचाळेश्वरात कोणती गल्ली? आमच्या गावात कुणाचा उंबरा?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीला नाथसागराची, म्हणजे पैठणच्या धरणाची, २७ च्या २७ दारं उघडली. आम्ही गंगथडीची, गोदावरीकाठची माणसं फोन हातात धरून बसलो होतो. तुमचा निरोप नेहमीचाच होता : विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. सतर्क राहायचं म्हणजे करायचं काय? म्हैस सोडायची? पोती माळ्यावर चढवायची? म्हातारीला अंधारातच उचलायचं, की उजाडेपर्यंत थांबायचं? क्युसेक तुम्हाला कळतो. आम्हाला पायरी कळते, वडाचा पार कळतो, शनीच्या देवळाचा दरवाजा कळतो.

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी या धरणाचा पाया घातला, १९७६ ला इंदिरा गांधींनी ते लोकार्पण केलं. मराठवाड्याची तहान भागेल असं तेव्हा सांगितलं होतं, आणि आमच्या आजोबांनी ते खरं मानलं. उजवा कालवा आमच्याच गेवराई तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडं गेला. दुष्काळात आम्ही तुमच्याकडं पाणी मागत आलो. पुरात नुसता वेळ मागतोय, तोही जड झाला का?

ऑगस्ट २००६ आठवतो ना? तेव्हा अडीच लाख क्युसेक सुटलं होतं. कुठवर पाणी चढलं, हे गावातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला तोंडपाठ होतं. ते कुणी येऊन विचारलं? आमच्या गावात तरी एकाही भिंतीवर ती रेघ कुणी मारली नाही. मधे १९ वर्षं गेली, साहेब.

तुमच्याच नियमात निळी रेषा आहे, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल आहे, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषा तुमच्या नकाशावर आणि घरं आमची. बीड शहरानं जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेचा पूर सोसला, माणसं गमावली. त्यानंतरही आपल्या जिल्ह्याला पूर नवा वाटावा?

तुम्ही काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. माणसं हलवली, शाळा उघडून दिल्या, एनडीआरएफची पथकं आली. त्या पोरांचे उपकार विसरणार नाही. पण पाणी दारात आल्यावर पोचणारी ती मदत. २००५ च्या कायद्यानं जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी नव्यानं तपासायचा असतो. त्या आराखड्यात आमच्या दावणीची जनावरं कुठं न्यायची, हे लिहिलंय का? चारा कुठं आहे, ते लिहिलंय का? माणूस घर सोडत नाही तो हट्टानं नाही. दावणीला बांधलेलं जनावर मागं सोडवत नाही, म्हणून थांबतो. हे तुम्हाला माहीत आहे.

नंतर पॅकेज आलं. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार. मातीच वाहून गेली, साहेब. ती माती बापानं बैल हाकून केली होती.

जून उजाडायच्या आत एकदा या. एक लाखाला कुठं, दोन लाखाला कुठं, तीन लाखाला कुठं, हे गावागावात भिंतीवर रंगवा. दार उघडलं की किती तासांत पाणी पोचतं, ते त्याखाली लिहा. जनावरांसाठी उंचावरची जागा आत्ताच ठरवा आणि तिथं जायची तालीम उन्हाळ्यातच घ्या.

रेघ कुठं मारायची ते आम्ही दाखवू. शाळेच्या भिंतीवर गाळाची खूण अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर.

आपला,
गंगथडीचा एक शेतकरी