आधी टपाल सुरू करा

भारत आणि पाकिस्तान 1992पासून दर 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही त्यात खंड पडला नाही. मे 2025मध्ये क्षेपणास्त्रं उडाली, तरी 1 जुलैला कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या. हे शहाणपण मला मान्य आहे.

पण त्याच मेच्या 3 तारखेला भारताने पाकिस्तानशी टपालाची देवघेव बंद केली. ऑगस्ट 2019मध्ये पाकिस्तानने हेच केलं, तेव्हा आपल्याच मंत्र्यांनी त्याला नियमभंग म्हटलं होतं.

अणुभट्टीचा ठावठिकाणा कळवता येतो. माझ्या कथा उर्दूत नेणाऱ्या कराचीतल्या मैत्रिणीला पुस्तक पाठवता येत नाही. तिच्यासाठी बांधलेलं पुडकं माझ्या कपाटात पडून आहे.

‘पहलगामला 26 जीव गेले, तुम्ही पुस्तकाचं काय घेऊन बसलात?’ असं कुणी विचारेल. मारेकऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण ते पोस्टाचं तिकीट लावून आले नव्हते.

सरकारांनी गळ्यात गळे घालावेत, असं मी म्हणत नाही. ती शत्रूलाही लिहितात. आम्हाला निदान मित्रांना लिहू द्या.